आईचा विश्वास कमी म्हणून शुगर उतरत नाही, असं पवित्र शास्त्रात खरंच आहे का?

वडगावशेरीकर

सगळ्यांना सलाम. जरा लांबलचक लिहितोय, सांभाळून घ्या.

आम्ही वडगाव शेरीत राहतो, मूळचे नगरकडचे, आजोबांपासून ख्रिस्ती, सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) मंडळीतले. बाबा गेल्यावर आई एका घरगुती प्रार्थना ग्रुपला जायला लागली. ग्रुपचं नाव घेत नाही कारण माणसं वाईट नाहीत, बाबा आजारी असताना डबे आणून देणारी हीच माणसं. आईला डायबेटिस जुना आहे, गोळ्यांनी भागेना म्हणून डॉक्टरांनी इन्शुलिन सुरू केलं. तर तिथल्या ब्रदरनी डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली, कपाळाला तेल लावलं आणि सांगितलं की सिस्टर, प्रभूने तुम्हाला बरं केलेलं आहे, तुम्ही फक्त विश्वासाने स्वीकारा, आता सुई टोचत राहिलात तर तो अविश्वास होईल. झालं. आईने पेन फ्रिजच्या दारातून काढून एकदम मागे, लोणच्याच्या बरणीमागे सरकवलं, मला दिसू नये म्हणून, आणि दारात त्या तेलाची बाटली ठेवली, होमिओपॅथीच्या गोळ्यांची असते तेवढीशी, वर चिकटपट्टीवर बॉलपेनने 'याकोब 5:14' लिहिलेलं, तेल लावून प्रार्थना करण्याचं वचन. मला शंका आली म्हणून सकाळी उपाशीपोटी शुगर चेक केली तर 290.

ब्रदरना फोन केला. शांतपणे म्हणाले की उतरत नाही म्हणजे कुठेतरी संशय आहे, घरात कोणाचा तरी विश्वास डळमळीत आहे. रोख माझ्याकडे होता हे कळलं, त्याचं काही नाही, पण आईने तो स्वतःवर घेतलाय. रात्री उठून रडते, म्हणते माझ्यातच खोट आहे.

आता प्रश्न. मार्क 5 मध्ये रक्तस्रावाच्या बाईला प्रभू म्हणतो की तुझ्या विश्वासाने तुला बरे केले आहे. हे लिहिलेलं आहेच ना? मग त्याचा अर्थ असाच निघतो का की बरं वाटलं नाही तर विश्वास कमी पडला? आणि हो, 'डॉक्टरकडे न्या' एवढंच उत्तर नको, ते मला कळतं. डॉक्टर बोलतात तेव्हा आई मान हलवते आणि घरी आल्यावर पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. तिला शास्त्रातलं उत्तर लागतं.

निवृत्त_सिस्टर

शास्त्राचं इतर लोक सांगतील, मी आयुष्यभर वॉर्डात काढलंय म्हणून आधी कामाचं सांगते. फ्रिजमध्ये एकदम मागे ठेवलेलं पेन वापरू नकोस, तिथे इन्शुलिन गोठू शकतं आणि एकदा गोठलं की परत वितळून दिसायला नीट दिसलं तरी कामाचं राहत नाही. नवीन आण. वापरात असलेलं पेन बाहेर सावलीत ठेवलं तरी बहुतेक कंपन्यांचं साधारण चार आठवडे चालतं, फक्त पुण्याच्या एप्रिल-मेमध्ये ओट्याजवळ किंवा खिडकीत नको. आणि खूप तहान, सारखी लघवी, उलट्या, धाप, गुंगी यातलं काही दिसलं तर फोरमवर विचारत बसू नकोस, सरळ कॅज्युअल्टी गाठ. आईवर चिडू नकोस रे. लपवते म्हणजे तिला दोघांनाही दुखवायचं नाहीये, तुलाही आणि प्रभूलाही.

खडकीकर_जुना

दादा, मी पाळकाचा (चर्चच्या धर्मगुरूचा) मुलगा, स्वतः पाळक नाही, पण संडे स्कूलला शिकवण्यात बरीच वर्षं गेली म्हणून लिहितो.

मार्क 5 चं वाक्य आहेच, ते नाकारायचं काही कारण नाही. बारा वर्षं रक्तस्राव, होतं नव्हतं ते वैद्यांवर घालवलेलं, गर्दीत मागून येऊन वस्त्राला हात लावते आणि बरी होते. पण प्रभू त्या वेळी निघाला कुठे होता? याईराच्या घरी. त्याची बारा वर्षांची मुलगी, ती तर तोवर वारली. मेलेल्या मुलीचा विश्वास कसा मोजणार? एकाच अध्यायात, एकाच वाटेवर दोन जणी, आणि दोघींची तऱ्हा वेगळी. आपले ब्रदर लोक पहिलीच्या गोष्टीवर थांबतात आणि पुस्तक मिटतात.

पुढे बघ. कफर्णहूमला तो पक्षाघाती, चौघांनी छप्पर उसकटून बाजेसकट खाली सोडला (मार्क 2), तिथे 'त्यांचा विश्वास पाहून' असं आहे, म्हणजे आणणाऱ्यांचा. शताधिपतीचा चाकर घरी अंथरुणात पडलेला, विश्वासाची तारीफ झाली ती मालकाची. नाईनच्या विधवेने तर काही मागितलंच नव्हतं, मुलाची तिरडी चालली होती, प्रभूला तिचा कळवळा आला. योहान 5 मधला बेथेस्दा तळ्याचा माणूस माझा सगळ्यात आवडता. 38 वर्षं आजारी, पाच पडव्यांमध्ये रोग्यांच्या गर्दीत पडलेला, तुला बरं व्हायचंय का असं विचारलं तर सरळ 'हो' म्हणत नाही, गाऱ्हाणं सांगतो की पाणी हललं की मला उतरवायला कोणी नाही, माझ्याआधी दुसराच घुसतो. आपल्याकडे सरकारी ओपीडीत बसलेली माणसं बोलतात तसंच. आणि बरा होऊन बाज उचलून निघाल्यावर लोक विचारतात तुला बाज उचलायला कोणी सांगितलं, तर त्याला सांगता येत नाही, तो कोण होता हेच त्याला माहीत नव्हतं. याचा विश्वास किती टक्के धरायचा?

आणि मल्ख. प्रभूला पकडायला आलेल्या टोळीतला, प्रमुख याजकाचा नोकर, पेत्राने तलवारीने त्याचा उजवा कान उडवला आणि प्रभूने हात लावून बरा केला (लूक 22). तो तर शत्रूच्या बाजूचा. विश्वास म्हणजे रिक्षाचं मीटर नाही की एवढा पडला की एवढं बरं व्हायचं.

आता तुझ्या आईसाठी सगळ्यात महत्त्वाचं, मार्क 9 आणि मत्तय 17 शेजारी शेजारी ठेवून वाच. एक बाप भूत लागून फेफरं येणाऱ्या मुलाला घेऊन शिष्यांकडे येतो, शिष्य प्रयत्न करतात, जमत नाही. बाप प्रभूला म्हणतो माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका. म्हणजे संशय आहे हे तोंडाने कबूल करतो, आणि तरी पोरगा बरा होतो. नंतर शिष्य एकांतात विचारतात आम्हाला का नाही जमलं, तर मत्तयात उत्तर आहे 'तुमच्या अल्पविश्वासामुळे'. कोणाच्या? हात ठेवणाऱ्यांच्या! पोराला एक शब्द बोलला नाही, बापालाही घालवून दिलं नाही. मला अख्ख्या शुभवर्तमानांत असा एक रोगी दाखवा जो प्रभूकडे आला आणि 'तुझा विश्वास कमी आहे, जा' असं ऐकून आजारीच परत गेला. मला सापडलेला नाही. मग हे आजकालचे ब्रदर रोग्याच्याच माथी खापर कुठल्या वचनावरून फोडतात?

औषधाचं म्हणशील तर यशया 38 काढ. हिज्कीया राजा मरायला टेकला होता, प्रार्थना केली, देवाने 15 वर्षं आयुष्य वाढवून दिलं, आणि हा निरोप आणणारा तोच यशया संदेष्टा सांगतो की अंजिरांची ढेप घेऊन गळवावर बांधा. देवाचा शब्द आधीच मिळालेला होता, तरी लेप लावलाच ना. प्रेषित पौल आपल्या तरुण सहकारी तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगतो, 'तुझ्या वारंवार होणाऱ्या दुखण्यांमुळे' असं लिहून. तीमथ्याचा विश्वास कमी होता असं कोणी म्हणेल का? सोबती त्रफिमाला तर पौल मिलेतात आजारी ठेवून पुढे गेला. आणि ज्याच्या अंगावरचे रुमाल नेऊन लोक बरे झाले असं प्रेषितांची कृत्ये सांगतं त्याच पौलाने स्वतःच्या शरीरातल्या काट्यासाठी तीनदा विनवणी केली आणि उत्तर आलं की माझी कृपा तुला पुरेशी आहे. काटा राहिलाच.

साक्ष_देणारी

खडकीकर भाऊ, तुमचा अभ्यास आहे, पण तुम्ही एकच बाजू दाखवताय. प्रभूचं स्वतःचं गाव नासरेथ विसरलात? मार्क 6, तिथे त्याला काही मोठं कृत्य करता आलं नाही आणि त्यांच्या अविश्वासाचं त्याला आश्चर्य वाटलं. लुस्त्रातला पांगळा, प्रेषित 14, पौलाने निरखून पाहिलं की याला बरं होण्याचा विश्वास आहे आणि मग म्हणाला उभा राहा. याकोब 5 तर सरळच सांगतो, मंडळीच्या वडिलांना (म्हणजे चर्चच्या वडीलधाऱ्या पुढाऱ्यांना) बोलवा, तेल लावा, विश्वासाची प्रार्थना दुखणाइताला वाचवील. हे सगळं काय उगाच लिहिलंय? तुमच्यासारखी शिकलेली माणसं चमत्काराचा एवढा कीस काढता की शेवटी हातात प्रार्थनाच उरत नाही.

मी साक्ष देते, माझ्या मुलाला लहानपणी फिट्स यायच्या. आमच्या मंडळीने रात्र रात्र प्रार्थना केली, फिट्स थांबल्या, आज तो कॉलेजला आहे. कोणी काही म्हणो. पण वडगावशेरीकर, एक मात्र खरं सांगते, आम्हाला कोणी औषध थांबवा म्हटलं नव्हतं. गोळ्या डॉक्टरांनीच तपासण्या करून हळूहळू कमी केल्या आणि आम्ही तोपर्यंत दोन्ही चालू ठेवलं. तुमचे ब्रदर म्हणतात ते मलाही पटलं नाही.

सदाशिवपेठी_73

मी ख्रिस्ती नाही, देवळातही सहसा जात नाही, तरी तोंड घालतो कारण आमच्याकडेही हेच चालतं, नुसती नावं बदलतात. गुण आला तर बाबांची कृपा, नाही आला तर तुमची श्रद्धा कमी. दोन्हीकडून बाबांचं बरोबर.

दोन माहितीच्या गोष्टी. अमेरिकेत 2006 साली एक मोठा अभ्यास छापून आला, बायपास झालेले 1802 पेशंट, तीन गट. ज्यांना प्रार्थना होणारच असं सांगितलं होतं त्यांच्यात गुंतागुंत 59 टक्के, आणि होईल किंवा नाही होणार एवढंच सांगितलेल्यांमध्ये, प्रार्थना झालेल्यांत 52 आणि न झालेल्यांत 51. म्हणजे फायदा तर नाहीच.

दुसरी, कायदा. दाभोलकरांचा खून 20 ऑगस्ट 2013 ला इथेच ओंकारेश्वराजवळच्या पुलावर झाला, त्यानंतर आधी अध्यादेश आणि डिसेंबरात जादूटोणाविरोधी कायदा झाला. प्रार्थनेला त्यात हात लावलेला नाही, तथाकथित चमत्कार दाखवून पैसे काढणं किंवा फसवणं हा मात्र गुन्हा आहे. आणि 1954 चा केंद्राचा जादुई उपायांच्या जाहिरातींचा कायदा आहे, त्याच्या यादीत मधुमेहाचं नाव आहे. तुमच्या ब्रदरनी पोस्टर छापलं नसावं अशी आशा.

खडकीकर_जुना

ताई, नासरेथ विसरलो नव्हतो, बरं झालं तुम्ही काढलंत. तेच वाक्य पुढे वाचा, थोड्याशा रोग्यांवर हात ठेवून त्यांना बरं केलं असं तिथेच आहे. अविश्वास कोणाचा होता? हा तर आपल्या गल्लीतला सुतार, मरीयेचा मुलगा, हा काय आम्हाला शिकवतो असं म्हणणाऱ्या गावकऱ्यांचा. रोगी घेऊन आलेल्यांचा नव्हे. लुस्त्राचं तुमचं मान्य, तिथे विश्वास पाहिला असं स्पष्ट आहे. मी कुठे म्हणतो विश्वासाचा संबंध नाही? संबंध आहे, हिशोब नाही. आणि याकोबाचं वचन नीट बघा, काम कोणाला लावलंय? वडिलांना. त्यांनी यायचं, त्यांनी प्रार्थना करायची, त्यांनी तेल लावायचं. दुखणाइताने करायचं एकच, बोलावणं पाठवायचं.

तुमच्या मुलाच्या साक्षीवर माझं एक अक्षर नाही. आनंदच आहे.

सदाशिवपेठी, त्या अभ्यासाबद्दल मी बुचकळ्यात पडत नाही, परमेश्वराची परीक्षा पाहू नको हे प्रभूनेच सैतानाला सुनावलंय, त्यामुळे गट पाडून प्रार्थना मोजायला बसलं की काय हाती लागणार. पण बाबांचं दोन्हीकडून बरोबर, हे अगदी खरं बोललात आणि आमच्यातल्या काही जणांना ते लागू आहे, दुर्दैवाने.

कँपातली_मारिया

आम्ही कॅथलिक, आमच्या बायबलमध्ये बेनसिराचं पुस्तक आहे, तुमच्यात नसतं. त्याच्या 38 व्या अध्यायात सरळ लिहिलंय की वैद्याला मान दे, त्यालाही देवानेच निर्माण केलंय, आणि औषधं जमिनीतून देवानेच काढली, शहाणा माणूस ती टाकून देत नाही. फ्रान्समधल्या लूर्दला तर 1858 पासून लोक जातात, हजारोंनी बरं झाल्याचं सांगितलं, पण चर्चने चमत्कार म्हणून मान्यता दिलेल्या घटना सत्तरच्या आसपास, कारण आधी डॉक्टर मंडळी कागद तपासतात. चमत्कार मानणाऱ्यांनीच एवढी चाळणी लावलीय आणि इकडे एका प्रार्थनेत निकाल.

केडगावची_नात

कोणी रमाबाईंचं नाव कसं काढलं नाही? माझी आजी त्यांच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये वाढली म्हणून आमच्या घरात त्यांच्या गोष्टी. पंडिता रमाबाई 1883 ला इंग्लंडला गेल्या त्या डॉक्टरी शिकायला, पण ऐकू कमी येत होतं म्हणून ते राहिलं. तो बहिरेपणा काही गेला नाही. केडगावला 1905 मध्ये केवढं मोठं आध्यात्मिक जागरण झालं, शेकडो मुली रात्रंदिवस प्रार्थना करत होत्या, त्या सगळ्याच्या मध्यभागी ही बाई आणि कानाने अधू. पुढे मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत आणलं, तब्येत ढासळत असताना. 1921 ला मुलगी मनोरमा त्यांच्या हयातीतच गेली, 1922 ला स्वतः. आता त्या ब्रदरना म्हणावं, केडगावला येऊन रमाबाईंच्या कबरीपाशी उभं राहून सांगा की बाईंचा विश्वास कमी होता.

वडगावशेरीकर, तुझ्या आईला रमाबाई नक्की माहीत असणार. वचनांपेक्षा हे आधी सांगून बघ. आणि मिरजेचं मिशन हॉस्पिटल वॉनलेस साहेबांनी 1894 ला उभं केलं ते काय अविश्वासाने? आपल्या नगर-सोलापूरकडच्या निम्म्या ख्रिस्ती घरांत एक तरी नर्स असते.

साक्ष_देणारी

केडगाव ताई, हे मला पटलं. फक्त एवढंच म्हणेन की त्या भावाच्या आईला ग्रुपमधून तोडू नका. बाई एकटी आहे. माणसं गेली की शुगरपेक्षा ते जास्त लागतं.

निवृत्त_सिस्टर

+1. आणि ग्रुपमध्ये उपास-प्रार्थना असेल तर त्या दिवशी इन्शुलिनचा डोस डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. इन्शुलिन घेऊन उपाशी राहिली तर शुगर खाली जाऊन चक्कर येईल आणि मग त्याचीही साक्ष होईल.

वडगावशेरीकर

सगळ्यांचे आभार, अपडेट देतो. सिस्टर, नवीन पेन आणलं, जुनं टाकलं. काल रात्री जेवणानंतर आईला केडगावचं सांगितलं, ती म्हणाली रमाबाईंना ऐकू येत नव्हतं हे माझ्या आईने मला सांगितलं होतं, आणि बराच वेळ काही बोललीच नाही. मग स्वतःच शास्त्र काढलं, चष्मा लावून मार्क 9 आणि मत्तय 17 दोन्ही मोठ्याने वाचले, बोट ठेवून. 'तुमच्या अल्पविश्वासामुळे' पाशी थांबून म्हणाली, हे शिष्यांना म्हटलंय? मी म्हटलं हो. परत वाचलं. मल्खाच्या कानाला मात्र हसली, म्हणाली त्या मेल्याचं नशीब बघ.

आज सकाळी इन्शुलिन घेतलं. खूश होऊन नाही, मी समोर उभा होतो म्हणूनही असेल, पुढे काय होतं बघू. बेनसिरा तिला चालला नाही, ते आपलं नाही म्हणाली, सॉरी मारिया. तेलाची बाटली काढायची नाही हे बजावून सांगितलं, मी पण काढत नाही. आमच्या पाळकसाहेबांना रविवारी भक्तीनंतर घरी बोलावलंय, याकोबात वडिलांना बोलवा म्हटलंय तर रीतसर बोलवू, असं तिचंच म्हणणं.

दुपारी ब्रदरचा फोन आला, तो तिनेच घेतला. त्यांनी बहुतेक पुन्हा विश्वासाचं काढलं असावं, कारण ही म्हणाली, ब्रदर, मार्क नवात जमलं नाही तेव्हा पोराला नाही बोलले, शिष्यांना बोलले, आणि तिथेच पुढे लिहिलंय की या जातीचं भूत प्रार्थनेशिवाय आणि उपासाशिवाय निघत नाही. तर उपास तुम्ही धरा, मला शुगर आहे.